ट्रायलला घरचं माणूस

दाजीचा जबडा मी टॉमीनं, चाक खोलायच्या लोखंडी दांड्यानं, फोडला. दोन जागी. त्याबद्दल मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. कोर्टात विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं आणि माझ्याच वकिलानं कपाळाला हात लावला. मला वाईट वाटतं ते त्याच्या तीन दिवस आधीच्या गुरुवारचं. त्या दिवशी मी कोणाच्या अंगाला हात लावला नव्हता, आवाज चढवला नव्हता. उलट दाजीला खुर्ची दिली होती आणि चहा पाजला होता.

आमचं गॅरेज बाबांनी उभं केलं. चढाच्या पायथ्याशी, खाली दोन गाड्या मावतील एवढी जागा आणि वर राहायच्या दोन खोल्या. बाबांचे पुढचे चार दात नव्हते. आवळलेली स्प्रिंग शिकंज्यातून सुटली की समोर जे असेल ते घेऊन जाते, आणि त्या दिवशी समोर बाबांचं तोंड होतं. तेव्हापासून ते बोलताना वारा जायचा, पण शिव्या मात्र स्पष्ट यायच्या.

त्यांचा एक नियम होता. ज्यानं गाडीचं काम केलं त्यानंच ट्रायलला जायचं, आणि शेजारच्या सीटवर घरचं माणूस बसवायचं. हाताखालचा पोरगा चालणार नाही, गिऱ्हाईक चालणार नाही, घरचंच माणूस. "जिथं आपलं माणूस बसवायची छाती होत नाही, तिथं लोकांचं कशाला बसवायचं?" असं म्हणायचे. लोक हसायचे आणि गाड्या मात्र आमच्याकडेच आणायचे.

घरचं माणूस म्हणजे ताई. सात वर्षांची असल्यापासून ती त्या सीटवर बसत आली. डोळे मिटून बसायची. "बाबा, पुढं उजवीकडं काहीतरी टकटक करतंय," म्हणायची, आणि खोललं की तिथलाच बुश गेलेला असायचा. मला बसवलं की मला झोप लागायची. बाबा म्हणायचे, देवानं हात याला दिले आणि कान हिला, दोन्ही एकाच अंगाला लावले असते तर घरात एक तरी मेकॅनिक झाला असता. राग मात्र त्यांनी मला पुरता दिला. त्यांचा तोंडातून निघून जायचा, माझा हातात उतरतो.

बाबा गेले, ताईचं लग्न झालं, आणि ट्रायलला आई बसायला लागली. ती गुडघे धरत जिना उतरायची, हात पदराला पुसायची आणि दार उघडून ऐटीत बसायची. तिला गाडीतलं काही कळत नाही. पण ती बसली आहे म्हटलं की माझा पाय आपोआप शहाणा व्हायचा.

आता दाजी. वर डोंगरावरच्या वसाहतीत त्याचं घर. माणूस दिसायला छान, बोलायला त्याहून छान. पहिलं वर्ष आम्ही सगळे त्याच्यावर खूश होतो. दुसऱ्या वर्षी ताई उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला लागली. तिसऱ्या वर्षी मी वर जाऊन त्याची कॉलर धरली, तर ताईच मधे आली. "तू हात उचलतोस आणि घरी निघून जातोस. मग ते माझ्यावर फिटतं," ती म्हणाली. "मधे पडू नकोस." मी परत आलो. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्या बुधवारी ती आईला भेटायला आली. बसनं आली होती, कारण दाजी तिला त्याच्या गाडीला हात लावू देत नसे. चालवायचं सोडाच, शेजारीसुद्धा बसवत नसे. म्हणायचा, बायको बसली की सीटची गादी खचते. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधलेली होती. आईनं विचारलं तेव्हा म्हणाली, दारात सापडली.

"कोणी लावलं दार?" मी विचारलं.

ताईनं माझ्याकडं पाहिलं आणि भाजी निवडत बसली, एका हातानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी गाडी घेऊन माझ्या दारात. जणू काही घडलंच नाही. गाडी खाली बसवून हवी होती त्याला. नव्या चाकांवर त्याचा जीव होता आणि चाक आणि मडगार्ड यांच्यामधली चार बोटं जागा त्याच्या डोळ्यांत खुपत होती. "स्प्रिंग काप," म्हणाला. "अशी बसली पाहिजे की मुंगी खालून जाताना वाकून गेली पाहिजे."

"दाजी, तयार आखूड स्प्रिंग मिळते. कंपनीची कापू नये."

"तू मेकॅनिक आहेस की पुजारी? काप म्हटलं की काप." मग हसून म्हणाला, "तुझ्या बहिणीची बोटं बघितलीस का? दार कुठं संपतं आणि बोट कुठं सुरू होतं, तेवढंही कळत नाही तिला. बापानं हिला शिकवलं तरी काय?"

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, तसं झालं नाही. उलटंच झालं. सगळं गार पडलं. मी म्हटलं, "बसा दाजी. चहा सांगतो."

स्प्रिंग कापायचीच असेल तर ती कशी कापायची हे मला बाबांनी मारून मारून शिकवलं होतं. ग्राइंडरनं कापायची, थांबत थांबत, ओलं फडकं गुंडाळून, पोलाद तापू द्यायचं नाही. गॅसच्या ज्योतीनं कधी कापायची नाही. पोलाद निळं पडलं की मेलं, आणि तशा तापल्या पोलादावर कोणी पाणी ओतलं तर ते काचेचं झालं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. स्प्रिंगचाही पीळ तसाच दिसतो, पण आतला जीव गेलेला असतो.

उजवी स्प्रिंग मी नियमानं कापली. दीड वेढा, ग्राइंडरनं, ओल्या फडक्यानं. मग डावी काढली, शिकंज्यातून सोडवली, पाठीमागच्या बाजूला नेली आणि गॅस पेटवला.

आजही कोणी विचारलं की तुला त्याला जिवे मारायचं होतं का, तर मी नाही म्हणतो. त्याची गाडी कुठंतरी खड्ड्यात बसावी, त्याचं तोंड स्टिअरिंगवर आपटावं, दोन बोटं मोडावीत. दोनच. असं मी मनाशी म्हणत होतो. पण ज्योत मी गरजेपेक्षा दुप्पट वेळ धरली. दीड वेढा कापून झाल्यावरही धरली. वीतभर तार लाल झाली, तेव्हा बादली उचलली आणि ओतली. पाणी किंचाळलं. लाल उतरलं आणि दोन्ही बाजूंना निळं उमटलं. मी त्यावर काळा रंग फवारला, वाळवला, आणि स्प्रिंग जागेवर बसवली. इतकं नीटनेटकं काम मी त्या वर्षात केलं नव्हतं.

खालचा आवाज थांबलेला ऐकून आई खाली आली. पदराला हात पुसत तिनं गाडीचं दार उघडलं.

"आज नको, आई," मी म्हटलं.

"का रे? तेल गळतंय?"

"दाजींना घाई आहे."

आई दार धरून उभी राहिली. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग जावयाकडं. ताईच्या लग्नापासून एकही गाडी तिच्याशिवाय बाहेर पडली नव्हती. "बरं," म्हणाली, आणि गुडघे धरत जिना चढून गेली. दाजी गाडीभोवती फिरला, वाकला, चाकाच्या वर बोट घालून पाहिलं, बोट जात नव्हतं. खूश झाला. माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

शुक्रवारी त्याचा फोन आला. "कडक झाली रे गाडी," म्हणाला. "सगळे वळून बघतात." शनिवारी मी स्वतःहून त्याचा नंबर लावला, दाजी, गाडी घेऊन या, एक बोल्ट राहिलाय, असं सांगायला. रिंग वाजली, फोन उचलला गेला. मागून ताईचा आवाज आला आणि त्यावर त्याचा. त्याचे शब्द मी इथं सांगत नाही. मी फोन ठेवला. मरू दे, म्हटलं. हे मी म्हटलं, मोठ्यानं, रिकाम्या गॅरेजमध्ये. तेव्हा मारायचं होतं का या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

रविवारी दुपारी गॅरेजचा फोन वाजला. ताई होती. आणि हसत होती. कितीतरी वर्षांनी.

"मी निघाले," म्हणाली. "सोडून निघाले. त्याला न्हाणीघरात कोंडलंय. दाराला बाहेरून कपाट लावलंय, वेड्यासारखा लाथा मारतोय. आईला सांग, माझी उशी काढून ठेव."

"कशानं निघालीस?"

"त्याच्याच गाडीनं," ती म्हणाली. "किल्ली माझ्या हातात आहे. पाच मिनिटांत उतारानं—"

"ताई, गाडीत बसू नकोस. ऐक. बसनं ये. चालत ये. ताई!"

पण मागे लाकूड फुटल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला, तर उचललाच नाही.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं बाबा कोणाकोणाला म्हणायचे. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायच्या टोचन गाडीत मी उडी मारली. चढाला सात वळणं आहेत. तिसऱ्या वळणाच्या खाली रस्त्यात आडवी सिमेंटची चर आहे, डोंगराचं पाणी पलीकडं जायला. कुठलीही गाडी तिथं एकदा नाक घालते आणि उचलते. ती वर असतानाच तिला गाठायची, एवढंच डोक्यात होतं. गिअर मी लाथेनं टाकत होतो. समोरून येणाऱ्या एकाचा आरसा माझ्या गाडीनं तोडून नेला, तो मागे ओरडत राहिला.

मी चरीच्या अलीकडं पोचलो आणि ती वरून वळणावर दिसली. गाडी रस्त्याला पोट घासत येत होती. मी गाडी कडेला आडवी लावली, रस्त्याच्या मधोमध उतरलो आणि दोन्ही हात वर करून ओरडायला लागलो.

ताईला वाटलं, भाऊ घ्यायला आलाय. तिनं मला दिवे मारले. बांधलेल्या बोटांचा हात खिडकीतून बाहेर काढून हलवला. आणि मी थांब म्हणतोय हे दिसल्यावर ती थांबायला गेली. ब्रेक दाबला, नेमका चरीवर.

टायर फुटावा तसा आवाज झाला. तारेचं तुटलेलं टोक टायरमध्ये घुसलं, डावं चाक आत दुमडलं, मडगार्ड रस्त्याला टेकलं आणि गाडी स्वतःभोवती फिरली. मी बाजूला फेकलो गेलो की मीच उडी मारली, आठवत नाही. तिच्या दाराची बाजू माझ्या टोचन गाडीच्या लोखंडी बंपरवर जाऊन आदळली. काच पावसासारखी माझ्या डोक्यावर पडली. मग एकदम शांत झालं आणि त्या शांततेत ताई ओरडली.

दार आत गेलं होतं आणि दाराखाली तिचा उजवा पाय होता. गुडघा कुठल्या दिशेला आहे ते कळत नव्हतं. मी पलीकडच्या दाराकडं धावलो. तेवढ्यात वरून कोणाची तरी मोटरसायकल हाकत दाजी आला. कपाळ फुटलेलं, हाताची सालटं निघालेली, पायात चप्पल नाही. तो उतरला आणि त्यानं आधी गाडी पाहिली. बहिणीची शपथ घेऊन सांगतो, आधी गाडी. तिच्याभोवती अर्धी चक्कर मारली. मग मला खांद्यानं ढकलून त्यानं शेजारचं दार उघडलं, आत वाकला आणि ताईचे केस मनगटाला गुंडाळले.

"उतर," म्हणाला. "उतर, माझ्या गाडीतून उतर." आणि ओढली. पाय अडकलेला असताना ओढली. ती शेजारच्या सीटवर आडवी पडली आणि तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी तुरुंगात रोज ऐकला.

टॉमी टोचन गाडीच्या पायरीवर असते. पहिला घाव त्याच्या कोपरावर बसला, केस सुटले. तो वळला आणि त्यानं माझ्या तोंडावर डोकं मारलं. माझं नाक तिथंच वाकडं झालं, अजून तसंच आहे. त्यानं माझा गळा धरून मला बॉनेटवर आपटलं. ताकद होती त्याच्यात, उगाच नाही म्हणणार. मी गुडघा घातला, तो वाकला, आणि दुसरा घाव जबड्यावर. तो खाली बसला. तिसराही जबड्यावर, बसलेल्या माणसाला. तोंडातून रक्त आणि दात एकत्र आले. चौथ्याला मी टॉमी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेली होती आणि खाली त्याची टाळू होती.

"अरे," ताई म्हणाली.

मोठ्यानं नाही. ट्रायलला बसल्यावर टकटक ऐकू आली की म्हणायची, तसं.

"त्याला सोड. ते इकडं आण."

ती शेजारच्या सीटवर आडवी होती, गाल सीटच्या कडेला, आणि उघड्या दारातून तिला रस्ता दिसत होता. रस्त्यावर स्प्रिंगचा तुटका वेढा पडला होता. मी टॉमी टाकली. तो तुकडा उचलला आणि तिच्या हातात दिला. नाही द्यायला हवा होता असं तेव्हा सुचलंच नाही. तिनं मागितलं आणि मी दिलं, लहानपणापासून पाना देत आलो तसं.

घासल्यामुळं काळा रंग उडाला होता. तिनं उरलेला नखानं खरवडला. खालून निळं निघालं, कबुतराच्या मानेसारखं. तिनं तुटलेलं टोक डोळ्याजवळ नेलं. कण कण दिसत होते, फुटक्या दगडासारखे. बाबांनी आम्हां दोघांना एकाच बाकड्यावर बसवून शिकवलं होतं. तिला काही सांगायची गरज नव्हती.

"गॅसनं कापलीस."

"हो."

"वर पाणी ओतलंस."

"हो, ताई."

"आणि रंग मारलास." तिला दम लागत होता. दाजी मागे रस्त्यावर गुरगुरत होता, आमच्यापैकी कोणी तिकडं पाहिलं नाही. "त्याच्यासाठी?"

"त्याच्यासाठी."

"ट्रायलला कोण बसलं होतं?"

मी सीटवरच्या काचा वेचायला लागलो.

"आई बसली होती?"

"नाही. आईला नाही बसवलं. कोणालाच नाही."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं शुद्ध गेली. मग म्हणाली, "मग मीच बसले."

तिचा पाय वाचला, गुडघा गेला. आता तो पाय लाकडासारखा सरळ असतो. दाजीनं जबड्यात तार घालून साक्ष दिली, आणि नंतर घटस्फोटही दिला. स्प्रिंगचं कोणी विचारलं नव्हतं. जुनी होती, तुटली, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीच सांगितलं. वकील म्हणाला, हात दाखवून अवलक्षण करून घेतलंत. जबड्याचं एक वर्ष झालं आणि स्प्रिंगची दोन. ताई तीन वर्षांत एकदाही भेटायला आली नाही. आई यायची. ताई गॅरेज चालवते, एवढं सांगायची, पुढं काही नाही.

सुटून आलो त्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये एक गाडी उभी होती. ताई बाकड्याजवळ कुबडी लावून उभी. केसांत पांढरं आलेलं. मला बस म्हणाली नाही, कसा आहेस म्हणाली नाही.

"हिचे पुढचे ब्रेक करायचेत," म्हणाली.

मी कपडेही बदलले नाहीत. दिवसभर तेच केलं. प्रत्येक बोल्ट दोनदा आवळला, तिसऱ्यांदा तपासला. तीन वर्षांत हात जड झाले होते, आणि त्यात ती समोर बसून होती. दुपारी आईनं जेवायला हाक मारली, मी गेलो नाही. संध्याकाळी चाकं चढवली, जॅक काढला आणि गाडी बाहेर वळवून उभी केली. जिन्यावर आईची पावलं वाजली.

"आई, तू वरच थांब," ताईनं हाक दिली.

ती कुबडी टेकत आली. दार उघडलं. आधी बसली, मग दोन्ही हातांनी तो सरळ पाय उचलून आत घेतला, आणि तो आत मावेना म्हणून सीट शेवटपर्यंत मागे सरकवली. कुबडी मांडीवर घेतली.

"ताई, नको," मी म्हटलं. "आईला बसू दे. नाहीतर मी एकटा जाऊन येतो. तू नको."

"काम नीट केलंस ना?"

"केलंय."

"मग चढावर घे," ती म्हणाली. "तिसऱ्या वळणापर्यंत. येताना चरीवर ब्रेक दाब."

तिनं डोळे मिटले आणि मान मागे टेकली. मी किल्ली फिरवली.